आडेभाऊ आणि कुणाचीच नसलेली भाषा

आडेभाऊ रस्त्यानं चालता चालता मध्येच थांबायचे, गळ्याला दोन बोटं लावायचे आणि “श्श्श, झ्झ्झ” असं काहीतरी करत उभे राहायचे. मुकुटबनच्या बाजारात लोक त्यांना वळसा घालून पुढं जात. भाजीवालीनं एकदा मला हळूच विचारलं, “मॅडम, आडे लाईनमनले थायरॉइड झाला काय?” मी म्हटलं, “नाही गं बाई, ते भाषा शिकून राह्यले.” तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही आम्हा दोघांनाही एकाच डॉक्टरकडे न्यायला हवं.

लालसिंग आडे वीज कंपनीतून लाईनमन म्हणून निवृत्त झालेले. गावापासून तीन किलोमीटरवरच्या तांड्यात घर, चार एकर कपाशी, मुलं पुण्याला. आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं मराठी शिकवून घरी बसलेली. कुणी चुकीचं बोललं की माझ्या कानात खडा टोचतो आणि तो मी तिथल्या तिथे बोलून दाखवते. भावाच्या लग्नात मी भटजींचे उच्चार सुधारले होते, आणि त्याबद्दल मला अजूनही काही वाटत नाही.

एका सकाळी आडेभाऊ वही घेऊन माझ्या ओसरीवर आले. “मॅडम, मले एस्पेरांतो शिकाची हाय. मोबाइलवर धडे हायेत. तुमी फक्त ऐकाचं अन चुकलं तं सांगाचं.”

ही कुठली भाषा काढली, मला काही कळेना. मग त्यांनीच सांगितलं. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी तिकडे युरोपात एका डोळ्यांच्या डॉक्टरनं ती बसून तयार केली. कुठल्याही देशाची नाही, कुठल्याही राजाची नाही. मी म्हटलं, “अहो भाऊ, शिकायचंच तर इंग्रजी शिका. ही शिकून कुणाशी बोलणार? म्हशीशी?”

“इंग्रजी इंग्रजाची हाय, मॅडम. मराठी तुमची हाय. हे कोनाच्याच घरची नाई. मंग हिच्यात कोन कोनाले हासन?”

त्या ‘हासन’मागची गोष्ट मला महिनाभरानं कळली. त्यांच्या घरी गोरबोली, बंजाऱ्यांची बोली. शाळेत गेले तेव्हा मराठीचा गंध नव्हता. तिसरीत गुरुजींनी धडा वाचायला उभं केलं. यांनी वाचला तो तांड्याच्या हेलात. वर्ग हसला. गुरुजीही हसले, आणि मजा वाटली म्हणून तीच ओळ त्यांच्याकडून चारदा वाचून घेतली. त्या दिवसापासून लालसिंग शाळेत बोललाच नाही. सातवीपर्यंत मान हलवून उत्तरं दिली. “लाईनमन काहून झालो, ठाऊक हाय? खांबावर चढलं का कोनी बोलाले लावत नाई.” निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी दोन शब्द बोला म्हटलं, तर हे हात जोडून खाली बसले. बायकोनं नेसलेली नवी साडी, सारा तांडा जमलेला. ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं.

एस्पेरांतोवाल्यांची एक मंडळी होती. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी देशोदेशीची माणसं मोबाइलवर जमायची आणि नव्या माणसानं तीन मिनिटं बोलायचं, अशी तिथली रीत. आडेभाऊंना ती तीन मिनिटं हवी होती. “मराच्या आधी एकडाव चारचौघांत बोलाचं हाय, मॅडम. बस, एकडाव.”

त्यांची शिकायची पद्धत मात्र अस्सल लाईनमनची. अघोष आणि सघोष हे शब्द मी मुलांना हजारदा पाठ करून घेतले असतील. आडेभाऊ म्हणायचे, “लाईन बंद, लाईन चालू.” गळ्याला बोटं लावा, ‘स्स्स’ म्हणा, काही नाही, लाईन बंद. ‘झ्झ्झ’ म्हणा, बोटांना थरथर लागते, लाईन चालू. त्या भाषेत एक अक्षर आहे, धड श नाही, धड झ नाही. मोबाइलमधली बाई ते म्हणायची आणि आम्ही एकमेकांची तोंडं बघायचो. चौथ्या दिवशी आडेभाऊ फाटकातूनच ओरडत आले, “घावलं! श म्हनाचा अन गळ्यातली मोटर चालू ठेवाची!” मी करून पाहिलं. आलं की हो! बत्तीस वर्षं व्याकरण शिकवलं, पण स्वतःच्या गळ्याला बोट लावून पाहायची बुद्धी मला कधी झाली नव्हती.

आणखी एक अक्षर घशाच्या तळातून, घासून काढायचं. त्यासाठी ते बसस्टँडजवळच्या उर्दू बोलणाऱ्या म्हाताऱ्या टेलरकडे आठ दिवस जाऊन बसले. टेलर काजं करता करता ‘ख़बर’, ‘ख़ुशी’ म्हणत आणि हे समोर बसून तसंच म्हणत. चहा मात्र रोज आडेभाऊंचा. टेलर मला म्हणाले, “बाई, ऐसा शागिर्द मिला नहीं कभी.” मी पण मान डोलावली.

आणि मग मी माती खाल्ली.

त्यांचं तीन मिनिटांचं भाषण तयार झालं होतं. वीज गेली की गाव लाईनमनला शिव्या देतं, पण तांड्यातली पोरं तेव्हा अंगणात बाजा टाकून तारे मोजतात, असं काहीसं. सुंदर होतं. त्या भाषेत ताऱ्याला ‘स्तेलो’ म्हणतात. आडेभाऊंनी म्हटलं, ‘इस्तेलो’. मी थांबवलं. पुन्हा ‘इस्तेलो’. पाचव्यांदा मला हसू फुटलं, आणि हसू आवरावं तर मी बोलून गेले, “अहो, इस्टेशन झालं, इस्कूल झालं, आता इस्तेलो! काय हो तुमची जीभ!”

आडेभाऊंनी वही मिटली. चहाचा कप उचलून मोरीत विसळला, पालथा घातला आणि “येतो, मॅडम” म्हणून गेले. ते एका शब्दानं तरी रागावले असते, तर बरं झालं असतं.

आठ दिवस आले नाहीत. भाषणाचा रविवार चार दिवसांवर आला. मला जेवण गोड लागेना. शेवटी ऑटो करून तांड्यावर गेले. अंगणात त्यांची बायको चंदाबाई आणि शेजारच्या चार बाया तुरी पाखडत होत्या. आडेभाऊ बाजेवर बसलेले. मी उभ्या उभ्याच म्हटलं, “भाऊ, माझं चुकलं. मी हसायला नको होतं. तुम्ही रागवा, पण रविवारी बोला.”

आडेभाऊ म्हणाले, “तुमच्यावर राग नाई, मॅडम. तुमी हासल्या अन म्या पयल्यासारखं तोंड बंद केलं, त्याचा राग हाय. साठ वर्सात माह्यात काईच फरक नाई पडला.” मग म्हणाले, “एक काम करा. आमच्या बोलीत तुमचं नाव सांगा. म्हना, मारो नाम नलिनी छ.”

एवढंच ना, असं वाटलं मला. मी खणखणीत आवाजात म्हटलं. बाया खो खो हसल्या. एक तर सूप टाकून पदरात तोंड लपवून बसली. माझा ‘छ’ कुठं घसरला, हेल कुठं चुकला, मला काही कळेना. पुन्हा म्हटलं, तर आणखी हसल्या. कानाच्या पाळ्या तापल्या. पुन्हा तोंड उघडूच नये असं वाटलं. आणि वय माझं बासष्ट, हो! आठ वर्षांच्या पोराचं काय झालं असेल?

एकटे आडेभाऊ हसले नाहीत. त्यांनी बायांकडे नुसतं पाहिलं, त्या गप्प झाल्या. मग माझ्याकडे वळून अगदी सावकाश म्हणाले, “बराबर येऊन राह्यलं. पुन्हा म्हना.” मला वाटतं, माझ्या एवढ्या नोकरीत मी कुठल्याच मुलाला त्या आवाजात ‘पुन्हा म्हण’ म्हटलं नव्हतं.

रविवारी दुपारी त्यांच्या अंगणातल्या निंबाखाली मोबाइल डब्याला टेकवून ठेवला. चंदाबाईनं निवृत्तीच्या दिवशीची तीच साडी नेसली होती. आडेभाऊ उभे राहून बोलले. पहिलं वाक्य पुटपुटल्यासारखं, दुसरं जरा मोठं, आणि ताऱ्यांपाशी आल्यावर चांगलं ठासून म्हणाले, ‘इस्तेलो’. माझ्या कानात खडा टोचला. मी मुकाट्यानं टोचू दिला. तीन मिनिटांची पाच झाली, तरी कुणी अडवलं नाही. मग ब्राझीलची एक आजी बोलायला लागली, आणि तीसुद्धा ताऱ्याला ‘एस्तेलो’ म्हणाली. आडेभाऊंनी माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. त्या माणसाला मी तेव्हा पहिल्यांदा मोकळं पाहिलं.

त्यानंतर दीड वर्षं ते दर महिन्याला बोलले. मी कधीच बोलले नाही. मी आपली शेजारी बसून ऐकायची. बोलायची वेळ आली की मोबाइलसमोरून बाजूला सरकायची. मला कोण हसणार होतं? पण धीर होत नव्हता.

मागच्या थंडीत आडेभाऊ गेले. झोपेतच गेले. तेराव्यानंतर चंदाबाई मोबाइल घेऊन माझ्याकडे आली. “मॅडम, थ्या लोकायले कोन सांगन? वाट पाहत असतीन ना ते.”

त्या रविवारी मी वहीत चार वाक्यं लिहून बसले. अडखळत, चुकत, एक वाक्य तर पूर्ण उलटंसुलटं करत मी सांगितलं, की लालसिंग आडे आता नाहीत. पडद्यावरून कुणीतरी विचारलं, त्यांचं पूर्ण नाव एकदा म्हणाल का, आम्हाला ते नीट म्हणायचं आहे. मी म्हटलं. मग एकेकानं ते नाव घेतलं. लालसिन, लाल्सिंगो, राल्सिंग. कुणी ‘आडे’चं ‘आदे’ केलं, कुणी ‘आरे’. चंदाबाई प्रत्येकाला हात जोडत होती.

मी कुणालाच दुरुस्त केलं नाही.