सोळा टॅपेटांचं कमळ

"रोग सांगू नका, पावणं. गाडी कुठल्या रस्त्यानं आणली तेवढं सांगा."

उद्यमनगरात अप्पा मिस्त्रींच्या शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकावं लागायचं. माणूस बिचारा धूर, खडखड, तेल खाणं अशी यादी घेऊन यायचा आणि अप्पा विचारायचे, घाट कुठल्या गिअरवर चढला, वाटेत चहाला थांबला तेव्हा इंजिन बंद केलं होतं का. बॉनेट उघडायच्या आत अर्धं निदान झालेलं असायचं. मला पहिल्यांदा ते निव्वळ ढोंग वाटलं. मी पॉलिटेक्निकात ऑटोमोबाइल शिकवायचो, राजारामपुरीत भाड्यानं राहायचो आणि वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी मला सगळं येत होतं! माझ्या स्कूटरचा रोग मी त्यांना पुस्तकी इंग्रजीत ऐकवला. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि म्हणाले, "व्हय मास्तर. पण आलासा कुठनं?"

अप्पा लिंगायत, मूळचे गडहिंग्लजकडचे, राहायला गडमुडशिंगीत. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात बाह्या कापलेला खाकी शर्ट. शाळा चौथीपर्यंत. पण या माणसाला प्रश्न पडायचे, आणि एकदा पडले की समोरच्याची सुटका नसायची.

नव्वदीची ती वर्षं. माझा मावसभाऊ अमेरिकेत होता, तो गाड्यांची मासिकं पाठवायचा. एकदा मी मोठ्या उत्साहानं एक मासिक अप्पांना दाखवायला नेलं. तिथल्या एका कंपनीनं आपल्या स्पोर्ट्स गाडीच्या व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरच्या, इंजिनात कॅम डोक्यावर चढवले होते. इंजिनानं श्वास घ्यायचा आणि सोडायचा तो व्हॉल्व्हमधून. ते व्हॉल्व्ह उघडतो कॅम, म्हणजे उंचवटे असलेला फिरता दांडा. जुन्या पद्धतीत हा कॅम खाली इंजिनाच्या पोटात असतो आणि पुशरॉड नावाच्या लांब सळ्या त्याचा धक्का वर पोचवतात. कॅमच डोक्यावर नेला की सळ्यांचं ओझं गेलं, इंजिन जास्त वेगानं फिरू शकतं. मी हे सगळं वर्गात सांगतो तसं सांगितलं आणि म्हणालो, "पुशरॉड आता संपला, अप्पा."

"आनि ही?" अप्पांनी पुढच्या पानावर बोट ठेवलं. तिथं दुसऱ्या कंपनीची तशीच दणकट गाडी होती, नवी कोरी, आणि तिच्यात पुशरॉड.

"ती लोकं जुनाट आहेत."

"जुनाट? पैसा हाय, मशिनं हाईत, तुमच्यापेक्षा शिकलेली माणसं हाईत. मग का ठेवलं? ह्ये सांगा की."

मग पुढचे दोन रविवार आम्ही दोघं त्या चित्रांवर पट्टी लावून बसलो. अप्पांनी बुटांचे खोके कापून दोन्ही इंजिनांचे आकार केले आणि शेजारी शेजारी ठेवले. डोक्यावर कॅमवालं इंजिन उंच आणि पसरट झालं, आणि ताकदीचं पोट, म्हणजे पेट्रोल जळायची जागा, मात्र त्याचंच लहान. पुशरॉडवालं बुटकं, पण पोट मोठं. अप्पा खुदकन हसले. "आमची म्हातारी सैपाकघरात, मी अंगणात. हाक मारली की चहा येतोय, ती हाक म्हंजी तुमचा पुशरॉड. मग चुलीजवळ चार माणसं कशाला बसवायची? पण रोज शंभर पावणं येनार असतील, तर बसवाय पाहिजेत." थोडं थांबून म्हणाले, "नवं-जुनं न्हाय मास्तर. काय दिलं नि काय घेतलं, त्येवढं बघायचं." त्या वर्षी मी माझ्या शिकवायच्या वहीतलं ते प्रकरण नव्यानं लिहिलं.

अशा माणसाकडं नेसरीचे तात्या आपल्या वडिलांची अमेरिकन गाडी घेऊन आले. कित्येक वर्षं गोठ्याशेजारी उभी असलेली, पुशरॉडचंच व्ही-एट. तात्यांच्या आईला सगळे अव्वा म्हणायचे. वय ऐंशीच्या पुढं. तिची एकच इच्छा होती, दसऱ्याचं सोनं लुटायला नवऱ्याच्या गाडीतून जायचं. "फुडल्या दसऱ्याला मी असंन का न्हाय, कुणी सांगावं," असं ती स्वतः शेडमध्ये येऊन बोलून गेली. अप्पांनी शब्द दिला. उद्यमनगरात अप्पांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

महिनाभरात इंजिन जवळजवळ झालं. उरले होते ते सोळा टॅपेट, म्हणजे कॅमवर बसणारी बोटभर लांबीची पोलादी नळकांडी, आणि त्यांवरच्या सळ्या. दसऱ्याच्या पहाटे अप्पा ते बसवणार होते. एका फळीवर दोन ओळींत ते मांडून ठेवले होते, प्रत्येकापुढं खडूनं आकडा.

आदल्या दिवशी खंडेनवमी, हत्यारांची पूजा. मी सकाळीच मदतीला गेलो. अप्पा आंघोळीला गेले होते. म्हटलं, आपण जरा हातभार लावू. पाने, हातोडे धुतले. ते टॅपेटही रॉकेलनं लख्ख धुतले, फळी पुसून काढली आणि नारळाभोवती त्यांचं छान सोळा पाकळ्यांचं कमळ मांडलं. वर हळदीकुंकू वाहिलं.

अप्पा आले. कमळाकडं बघत राहिले.

"मास्तर, ह्ये कुठल्या क्रमानं लावलंसा?"

"कमळ आहे, अप्पा."

त्यांनी पूजा केली, आरती केली, प्रसाद वाटला. मग मला बाहेर नेऊन म्हणाले, "त्या जोड्या हुत्या वं. एवढी वर्सं एकेक टॅपेट कॅमच्या आपापल्या उंचवट्यावर घासून बसलाय. दुसऱ्याच्या जागी बसवला तर दोघं एकमेकाला खाऊन टाकत्यात."

अहो, हे तर मीच वर्गात शिकवत होतो! तरी तोंडातून निघालं ते असं, "बसवून टाकू या, अप्पा. उद्यापुरती गाडी चालेल. कुणाला कळतंय?"

"चालंल की. सहा म्हैनं चालंल," अप्पा म्हणाले. "आनि मग कॅम कुठनं आनू? तुमच्या मासिकातनं?"

दसऱ्याच्या सकाळी तात्यांची जीप आली. अव्वा मागं बसली होती, हिरवं इरकल नेसून, केसात शेवंती. अप्पा हात जोडून पुढं झाले. "अव्वा, गाडी न्हाय झाली. टॅपेट मिसळली माझ्या हातनं."

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. मी उघडलं नाही. मास्तर होतो ना मी! अव्वा काही रागावली नाही, नुसती जीपमधून त्या गाडीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "चल रं, परत."

पुढचे सहा दिवस आम्ही भिंग घेऊन एकेका टॅपेटचा तळ आणि कॅमवरचा घासलेला माग जुळवत बसलो. तेरा जुळले. तीन अप्पांनी घासून नव्यानं तयार केले. सातव्या दिवशी गाडी चालू झाली. त्या सहा दिवसांत अप्पा माझ्यावर एका शब्दानंही रागावले नाहीत. उलट मधेच म्हणाले, "बघा, तुमच्या मासिकवाल्यांनी ह्यो मुद्दा लिवलाच न्हाई. ह्या पुशरॉडच्या इंजिनात मिसळायला लई वस्तू हाईत." आणि स्वतःच हसले.

काही वर्षांनी अप्पा गेले. झोपेतच. गडमुडशिंगीला त्यांच्या घरच्यांना भेटायला गेलो तर तात्या ओसरीवर बसले होते. म्हणाले, "लई मोठा मानूस. आयुष्यात एकदाच चुकला."

त्या दिवशी मात्र मला राहवलं नाही. "अप्पा नाही चुकले, तात्या. ते मी केलं होतं."

तात्या माझ्याकडं वळले. "अव्वा जाईस्तवर अप्पाला येंधळ्या म्हनायची. दर दसऱ्याला गाडीत बसताना इचारायची, 'येंधळ्या, औंदा तरी नीट मोजलंस का?' आनि त्यो हसून म्हनायचा, 'मोजलंय, अव्वा.'" त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "आता अव्वा न्हाय, अप्पा न्हाय. ह्ये मी कुनाला सांगू, मास्तर?"

म्हणून ज्यांनी अप्पांना कधी पाहिलंही नाही अशा तुम्हाला सांगतो आहे. ते टॅपेट मी मिसळले होते.