काकांची गाडी का तापते

जगातली सगळी दुखणी शेवटी तापाचीच असतात आणि ताप हा पालथ्या हातानंच ओळखावा, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस नाशकात आहे. ते माझे घरमालक. मी त्यांना काका म्हणतो. इंदिरानगरातल्या त्यांच्या घराची वरची खोली मला मिळाली, तेव्हा मी मनमाडहून एक पेटी, पदवीचं प्रमाणपत्र आणि नव्या नोकरीची धास्ती घेऊन आलो होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. काकांनी नाव विचारायच्या आधी माझ्या कपाळाला पालथा हात लावला आणि म्हणाले, "उन्हातून आलाय. आधी ताक पी." मग तोच हात त्यांनी दारातल्या आपल्या जुन्या पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर ठेवला. तिलाही ताप होता. तिला ताक देता येत नव्हतं, एवढाच काय तो आम्हा दोघांत फरक.

काकांचा हात कुठंही पोचतो. शेजाऱ्यांचा फ्रीज, गल्लीतला पाण्याचा पंप, लग्नातल्या बँडवाल्याचा जनरेटर, कुणाचीच सुटका नाही. एकदा पेन्शनच्या कामाला बँकेत गेले असताना रांग सोडून भिंतीवरच्या एसीखाली जाऊन उभे राहिले आणि कॅशियरला म्हणाले, "हा दमलाय. दुपारी थोडा निजू द्या याला." पुढच्याच आठवड्यात तो एसी खरोखर बंद पडला. काका दिवसभर असा चेहरा करून फिरत होते, जणू वेळेवर डॉक्टरकडे न नेल्यामुळे जवळचं कुणीतरी गेलं आहे.

पण खरा जीव गाडीत. ती शहरात गरीब गायीसारखी चालायची; महामार्गावर चढ लागला की वाफा सोडायची. ती का तापते, याचा तपास दर रविवारी सकाळी अंगणात चाले. शेजारचे लोक खुर्च्या घेऊन यायचे, काकू पोहे करायच्या आणि पदवीधर म्हणून उजेडासाठी बॅटरी धरायचा मान मला असे. शाळेत उष्णतेचा धडा मी पाठ केला होता. पण उष्णता एवढी रंगतदार असते हे मला काकांच्या अंगणात कळलं. शनिवारी रात्री मला झोप लागेनाशी झाली होती. प्रत्येक रविवारी एक नवा संशयित. एका रविवारी काका म्हणाले, "आज थर्मोस्टॅट. हा दारावरचा शिपाई. पाणी तापलं की दार उघडायचं, बाकी बसून राहायचं." शिपायाला काकूंच्या दुधाच्या पातेल्यात उकळलं. तो वेळेवर उघडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि काकूंनी पातेलं कायमचं मोरीत टाकलं. पाण्याचा पंप निर्दोष निघाला, पंखा निर्दोष, रेडिएटरचं झाकण निर्दोष. गॅरेजवाला एकदा म्हणाला, "काका, पुढची जाळी काढून आत बघू का?" काका दुखावले. "पुढचं सगळं मी स्वतः केलंय. तू मागचं बघ."

हा सगळा खेळ नव्हता. काकांची मुलगी मालेगावला दिलेली. तिच्याकडे जाताना चांदवड सोडलं की राहुड घाट लागतो आणि घाटात गाडी हमखास उभी राहायची. मागच्या वेळी काका-काकू भर उन्हात छत्री धरून बसले होते. त्यानंतर या ताईंनी फोनवर वडिलांना बजावलं, "अण्णा, आता एकदा जरी घाटात थांबली, तर मी येऊन गाडी भंगारात देणार. तुम्ही बसनं या." काकांनी फोन ठेवला. मग मला म्हणाले, "बसनं गेलं की माणूस पाहुणा होतो, दादा. आपल्या गाडीनं गेलं की बाप असतो."

फोननंतरच्या रविवारी संशयित संपले होते. मी नुसताच पुढून जाळीत बॅटरी मारत बसलो होतो. आत मातीनं माखलेलं काहीतरी दिसलं, त्याला बारीक जांभळी रेघ. काकू पोह्यांच्या बशा घेऊन आल्या, वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"अहो, ही किनार माझ्या पातळाची हाय."

काका एकदम निफाडच्या बोलीवर आले. "जुनं व्हतं ते."

"दोन वर्षं शोधतीय मी. मोलकरणीवर संशय घेतला."

मग उलगडा झाला. काकांचं बालपण निफाडला द्राक्षबागेत गेलं. बागेवर रस्त्याची धूळ बसू नये म्हणून कडेनं जुनी पातळं बांधतात. नवा रेडिएटर बसवल्यावर त्यावर धूळ, किडे बसू नयेत म्हणून काकांनी काकूंचं नायलॉनचं पातळ फाडून, तिहेरी घडी करून, पुढून सुतळीनं आवळून बांधलं होतं. वर मातीचा थर बसला आणि गाडीचं पाणी थंड करणारा वारा आत जाणंच बंद झालं.

"द्राक्षं काय घाट चढून मालेगावला जातात का?" काकूंनी विचारलं.

सगळं अंगण हसलं. काकाही हसले. मी सुतळी कापली तेव्हा जो आनंद झाला, तो मला पदवीच्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

लगेच पुढच्या रविवारी आम्ही तिघं मालेगावला निघालो. राहुड घाटात काका रस्त्याकडे कमी आणि तापमानाच्या काट्याकडे जास्त बघत होते. "काका, ट्रक," असं मला सारखं म्हणावं लागत होतं. काटा मधोमध राहिला. घाट संपला. काकांनी गाडी थोपटली आणि काकूंनी त्यांना. ताईंनी दारातच मला बाजूला घेतलं. "खरं सांग, कुठं थांबला होतात?" मी सांगितलं, चहालासुद्धा नाही. "मग राहू दे गाडी," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी निघताना काकांनी किल्ली माझ्या हातात दिली. चालवायला त्यांनीच शिकवलं होतं, पण महामार्गावर कधी दिली नव्हती.

"क्लच दाबायचा डावा गुडघा वर्षभर दुखतोय," ते हळूच म्हणाले. "गाडीचं दुखणं सापडेपर्यंत सांगणार नव्हतो. आम्हा दोघांनाही एकदमच भंगारात काढलं असतं पोरीनं."

ते डाव्या बाजूला बसले, तिथं कसं बसायचं हे ठाऊक नसल्यासारखे, हात मांडीवर ठेवून. घाट लागायच्या आत त्यांना झोप लागली. मागून काकू म्हणाल्या, "सावकाश घे, बाळा." मी सावकाशच घेत होतो. पूर्ण घाटात काटा जागचा हलला नाही. ते त्यांना सांगावंसं फार वाटलं, पण उठवलं नाही.