मोहरी शांत झाली आणि मृदंग गेला

मंडळी, आज दुपारचीच गोष्ट.

माझ्या बाबांनी गावच्या भजनात चाळीस वर्षं मृदंग वाजवला. आता त्यांना फक्त खर्जातला, जाड आवाज ऐकू येतो. म्हणून मी घरीच प्लायवूडची पेटी करून मोठा स्पीकर बसवला.

पण खोलीत आवाज कुठे घुमायचा, कुठे हरवायचा. मोजायला यंत्र नाही. मग परातीवर पातळ कागद ताणला, वर मोहरी टाकली, भजनाची टेप लावली आणि परात जागोजागी ठेवून पाहिली. बाबांच्या बाजेजवळ मोहरी फारच उडत होती. मी पेटी कोपऱ्यातून सरकवली, मागे कापसाची गादी लावली, खर्जाचं बटण फिरवून कमी केलं. मोहरी सगळीकडे सारखी थरथरू लागली. मी खूश.

तेवढ्यात बाबा म्हणाले, "काहून रे, मृदंगवाला उठून गेला का?"

मी कानाशी ओरडलो, "आता आवाज बरोबर झाला, बाबा!"

"तुह्या मोहरीले झाला असंल. मले कोठं?"

मी पेटी परत कोपऱ्यात ढकलली, खर्जाचं बटण पुन्हा वाढवलं. बाबांची बोटं बाजेच्या लाकडावर ठेका धरू लागली. खिडकी खडखडत होती, पण देवाचं नाव त्यांच्यापर्यंत पोचत होतं.

तुमच्या घरी आवाज कोणाच्या कानाने लावता?