नेल्डाची एका हाताची मिठी

"नाही, असं नाही. तू लगेच ऐकून घेतेस. कर्स्टन असं ऐकून घेणार नाही," नेल्डा म्हणाली. "परत पहिल्यापासून. आणि जरा रागाव."

तोवर आम्ही बरीच वाट चालून आलो होतो. डावीकडे मिझुरी नदी, उजवीकडे चुनखडीचा कडा आणि मधून रूळ उखडून केलेली जुनी आगगाडीची सपाट वाट. ऑक्टोबरची पानं डोक्यावर पडत होती. दर गुरुवारी आम्ही दोघी इथं चालतो. एरवी मी मनातल्या मनात नाम घेते, नेल्डा गावातल्या एकेकाची हजेरी घेते, आणि दोघींचंही छान चाललेलं असतं. आज मात्र मला नेल्डाची मुलगी व्हायचं होतं, आणि वर रागवायचं होतं.

नेल्डा होल्टमायरचं गावात नाणी टाकून कपडे धुवायचं दुकान आहे. वय सत्तरीला टेकलेलं, उंची मशीनच्या झाकणाएवढी, पण मिठी मारण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. माझे यजमान अमेरिकेत, इथल्या पशुखाद्याच्या कारखान्यात लागले तेव्हा मी नवीन होते. कपड्यांचं बोचकं घेऊन तिच्या दुकानात गेले, तर "तू ती नवीन" असं म्हणून तिनं मला धरलं आणि आवळलं. मी नाशिककडची. आमच्याकडे आईच्या पाया पडतात, आईला मिठी मारायची पद्धत नाही. माझ्या चष्म्याची दांडी वाकली. घरी येऊन मी देवापुढं दिवा लावला आणि म्हटलं, बरं झालं बाबा, इथं कुणीतरी आहे.

चार वर्षांपूर्वी तिचा नवरा व्हर्लिन गेला आणि ती मिठी गेली. नेल्डा जरा तिरकी उभी राहायला लागली. डावा हात गळ्यात, पाठीवर दोन थापा, की झालं. चर्चच्या दारात बायका हळूच म्हणायच्या, बिचारी आतून मोडली. मीही तेच म्हणत होते.

आज सकाळी चालायला सुरुवात केली आणि ती म्हणाली, "मँडी, तुला एक सांगायचंय." माझं नाव मंदाकिनी, पण ते तिला कधी पेललं नाही. "माझ्या कमरेला पिस्तूल असतं."

"कधी?"

"आत्ता."

मी तिच्या उजव्या बाजूनं चालत होते. मी मुकाट्यानं डाव्या बाजूला आले.

"डावीकडनं चालल्यानं काही फरक पडत नाही," ती म्हणाली.

"असू दे," मी म्हटलं.

मग तिनं सांगितलं. तिचं घर खडीच्या रस्त्याच्या अगदी टोकाला आहे. व्हर्लिन गेला त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी कुणाचा तरी ट्रक अंगणात येऊन दिवे लावून उभा राहिला. आतलं माणूस उतरेना आणि ट्रक हलेना. पोलिसांची गाडी यायला वेळ लागणार होता. नेल्डा न्हाणीघराच्या टबात बसून राहिली, हातात केस वाळवायचं यंत्र घेऊन. ट्रक आपणहून निघून गेला. तो कोण होता, कशाला आला होता, कधीच कळलं नाही. वसंत आला तशी ती शिकवणीला गेली, रीतसर शिकली, आणि तेव्हापासून पिस्तूल उजव्या कुशीला, सदऱ्याच्या आत.

ती सांगत होती आणि माझ्या डोक्यात एकेक दिवा लागत होता.

"म्हणून तू व्हर्लिनचे ढगळ सदरे घालतेस? मला वाटलं आठवण म्हणून."

"आठवण आहेच. पण झाकतातही बरे."

"आणि त्या कॅफेत तू कधी आत येत नाहीस. जानेवारीतसुद्धा आपण बाहेर बाकावर बसून केक खाल्लाय. माझी बोटं निळी झाली होती. मी लोकांना सांगत फिरले, नेल्डाला मोकळी हवा फार आवडते."

"दारावर पाटी आहे त्यांच्या, आत शस्त्र आणू नका म्हणून. पाटी असली की मी आत जात नाही."

"आणि गेल्या वर्षी आमच्या गणपतीला? सगळ्या जमिनीवर बसल्या, तू खुर्ची मागितलीस. गुडघा म्हणालीस. मी वर्षभर तुझ्या गुडघ्यासाठी तेल पाठवतेय, नेल्डा. भावाकडून मागवून. कुठं गेलं ते तेल?"

नेल्डा थांबली. तिनं प्रामाणिकपणे नदीकडं पाहिलं. "फाटकाच्या बिजागऱ्यांना. अजिबात कुरकुरत नाहीत आता."

मला जे हसू आलं ते आवरेना. तीही हसायला लागली. दोन म्हाताऱ्या एकमेकींचा दंड धरून वाटेच्या मधोमध हसत उभ्या. दंड मात्र मी डावाच धरला.

हे सगळं आज निघण्याचं कारण म्हणजे कर्स्टन, तिची एकुलती एक मुलगी. मिनियापोलिसला मुलांच्या इस्पितळात नर्स आहे. गोळी लागलेली लेकरं तिच्या हाताखालून गेली आहेत, बंदुकीचं नाव काढलेलं तिला खपत नाही. येत्या शनिवारी ती रांगतं बाळ घेऊन येणार आहे, हॅटीला. आणि रविवारी फोनवर ती रडली होती. डॅड गेले तेव्हा बर्फात अडकून मी एक दिवस उशिरा पोचले, तेव्हापासून तू मला धड जवळ घेत नाहीस, मॉम. मला कळतं. तू मला माफ केलेलं नाहीस.

"आता सांग," नेल्डा म्हणाली. "पिस्तुलाचं सांगितलं तर ती हॅटीला माझ्या दारात आणणार नाही. नाही सांगितलं तर जन्मभर समजत राहील की आईचं तिच्यावर प्रेम नाही."

म्हणून ही तालीम चालली होती.

"परत पहिल्यापासून," मी म्हटलं. "मॉम, तुला काय सांगायचंय?"

"कर्स्टन, एकट्या राहणाऱ्या बायकांकडच्या घरफोड्यांचे आकडे बघितले तर…"

"मॉम, मी आकडे रोज ड्यूटीवर बघते. त्यांना नावं असतात."

नेल्डाचं तोंड उघडंच राहिलं. "हे ती खरंच म्हणेल. कुठून सुचलं तुला?"

"मी दोन मुली वाढवल्यात. पुढं बोल."

"या देशाच्या राज्यघटनेनं प्रत्येक नागरिकाला…"

मी घोरायला लागले.

"बरं. ते नको." तिनं श्वास घेतला. "तू पाच वर्षांची असताना डॅडच्या शिकारीच्या बंदुकीबरोबर फोटो काढायला हट्ट केला होतास."

"मग मी जेवणारच नाही," मी म्हटलं आणि पाठ फिरवून उभी राहिले.

"हे काय?"

"रुसलेय."

"आमच्याकडे असं रुसत नाहीत, मँडी. आमच्याकडे गाडीत बसून निघून जातात."

मग मी खरोखर अंगात आणलं. कमरेवर हात ठेवले आणि पोटातून आवाज काढला, "तू माझ्या लेकराला कमरेला पिस्तूल लावून कडेवर घेतलंस?"

तेवढ्यात वळणावरून दोघांच्या सायकलीवरचं एक जोडपं आलं, आमच्याच वयाचं. पुढच्या आजोबांनी ब्रेक दाबला, मागच्या आजी मात्र पायडल मारतच राहिल्या. दोघं आमच्याकडं बघत राहिली.

"नाटकाची तालीम चाललीय," नेल्डा म्हणाली.

"प्रयोग कधी आहे?" आजोबांनी विचारलं.

"शनिवारी."

"मग जरा मोठ्यानं बोला," आजी मला म्हणाल्या, "तुमची मुलीची भूमिका छान होतेय." आणि गेली दोघं.

आम्ही परत हसलो. हसता हसता नेल्डा म्हणाली, "तुझ्या घरच्या त्या तसबिरीत देवी आहे ना, अठरा हातांची. प्रत्येक हातात काहीतरी धारदार. तिला कुणी एवढं बोलत नाही."

ती सप्तशृंगीची तसबीर, आमच्या कुलदेवीची. माझ्या सासूबाईंनी दिलेली.

"तिला मिठी मारायला कुणी जात नाही," मी म्हटलं. "आणि तिची शस्त्रं सगळ्यांना दिसतात. तिनं नवऱ्याच्या सदऱ्याखाली लपवलेली नाहीत."

हे मी थट्टेत म्हणायला गेले आणि माझा आवाज बदलला. मला गणपतीचा तो दिवस आठवला. नेल्डा खुर्चीवर बसली होती, आणि माझी नात तिच्या खुर्चीचा पाय धरून उभी राहायला शिकत होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

"तू मला विचारायला हवं होतंस," मी म्हटलं.

"वा. हे चांगलं बोललीस. याला मी काय उत्तर देऊ?"

"मी कर्स्टन नाहीये आत्ता. मी बोलतेय. माझं घर होतं, नेल्डा. माझी नात तुझ्या पायाशी होती. कॅफेनं पाटी लावली म्हणून तू कॅफेची मर्जी सांभाळलीस. मी पाटी लावली नाही, कारण मला माहीतच नव्हतं."

आमच्या पायांखाली खडी वाजत होती. मी नाम घ्यायला लागले, पण ते मध्येच तुटत होतं.

"खरं आहे," ती शेवटी म्हणाली. "चुकलं माझं. विचारायला हवं होतं. तू नाही म्हणाली असतीस तर पिस्तूल गाडीतल्या पेटीत ठेवून आले असते. मला वाटलं, सांगितलं तर तू बोलवायचीच नाहीस."

"बोलावलं असतं. जमिनीवरही बसवलं असतं. तेलही वाचलं असतं."

तिनं मला डाव्या हाताची मिठी मारली आणि पाठीवर दोन थापा दिल्या. मग स्वतःच म्हणाली, "ही अगदीच भिकार मिठी आहे, नाही गं?"

"अगदीच," मी म्हटलं.

कॅफेशी पोचलो. मी आत जाऊन लोण्याचा चिकट केक आणि कॉफी आणली, ती बाहेरच्या बाकावर बसली. आज पहिल्यांदा मला त्या बाकाचा अर्थ माहीत होता. सायकलवाले आजी-आजोबा शेजारच्या बाकावर होते. नेल्डाचे दोन्ही हात केकनं बरबटलेले, आणि तिचा फोन वाजला.

"कर्स्टन," ती म्हणाली. "उचल. मोठ्यानं लाव. माझे हात बघ."

मी फोन उचलून धरला.

"मँडीपण आहे हं इथं," नेल्डा म्हणाली.

"हाय मँडी. मॉम, एकच सांगायचं होतं. शनिवारी आम्ही मोटेलमध्ये उतरतो."

"मोटेल कशाला? खोली आवरून ठेवलीय मी."

"तुला त्रास नको. मागच्या वेळी तू हॅटीलासुद्धा एका हातानं घेतलंस. लांबून. असू दे, मॉम. माझ्यावरचा राग तिच्यावर कशाला."

नेल्डानं माझ्याकडं पाहिलं. आकडे गेले, राज्यघटना गेली, सकाळपासूनची सगळी तालीम नदीत गेली.

"कर्स्टन, माझ्या उजव्या कमरेला पिस्तूल असतं. डॅड गेल्यापासून. तुझ्या हाताला लागू नये म्हणून मी तिरकी उभी राहते. तुझ्यावर मी एक दिवससुद्धा रागावलेली नव्हते."

शेजारच्या बाकावर आजोबांचा घास हातात.

मग फोनमधून एक आवाज आला. मला वाटलं रडतेय.

"पिस्तूल?" कर्स्टन म्हणाली.

"हो."

"मी दर महिन्याला एका समुपदेशक बाईसमोर बसून रडतेय, मॉम. माझी आई मला जवळ घेत नाही म्हणून. आणि ते पिस्तूल होतं?" ती हसत होती. हुंदके देत हसत होती. नेल्डाही सुरू झाली, आणि माझा हात एवढा हलायला लागला की फोन कॉफीत पडता पडता वाचला.

"हसू नकोस," कर्स्टन एकदम म्हणाली. "मी रागावलेय. हॅटीला घेतलंस तेव्हाही होतं?"

"होतं."

"मला न विचारता?"

"न विचारता. ते चुकलं. मी विचारायला हवं होतं."

"तू असं कधी म्हणत नाहीस."

"आज सकाळीच शिकले. मँडीकडून."

"माझं मत बदलणार नाहीये, मॉम. मी काय बघते ते तुला माहीत नाही."

"नको बदलू. माझंही बदललेलं नाही. टबात बसलेली मी होते. पण तू आणि हॅटी घरात आहात तोवर ते पेटीत, कुलपात, आणि किल्ली तुझ्याकडे."

"माझ्याकडे?"

"तुझ्या खिशात. निघताना दे."

मागं कुठंतरी हॅटी काहीतरी आपटत होती. कर्स्टननं नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"दुपारपर्यंत पोचतो," ती म्हणाली. "घरीच उतरतो. दारात मला दोन्ही हातांची पाहिजे. मी चाचपून बघणार आहे."

"पोलिसासारखी?"

"पोलिसासारखी. आणि मग मी ओरडणार आहे. बराच वेळ."

"ओरड. मांस शिजायला तसाही बराच वेळ लागतो."

फोन ठेवला. शेजारच्या आजींनी हातरुमालानं डोळे पुसले आणि आजोबांना म्हणाल्या, "हिनं सगळी वाक्यं बदलली."

परतीची वाट आम्ही कशी चाललो ते मला आठवत नाही. नेल्डा पुढं काय काय शिजवायचं ते सांगत होती, मध्येच थांबून "पिस्तूल?" असं कर्स्टनच्या आवाजात म्हणत होती, आणि दर वेळी आम्हाला तेवढंच हसू येत होतं. मी मधेच देवाला हात जोडले. तिनं विचारलं कशाला, म्हटलं, तुझ्या बिजागऱ्यांसाठी.

गाडीपाशी आल्यावर तिनं मला जरा थांबायला सांगितलं. सीटखालची लोखंडी पेटी ओढली, पाठमोरी होऊन पिस्तूल आत ठेवलं, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. मग व्हर्लिनच्या त्या ढगळ सदऱ्यात माझ्यासमोर येऊन सरळ उभी राहिली. डावा हात आपोआप वर आला. उजवा कोपरातून थोडा उचलला, थांबला, परत कुशीशी गेला. तिथं काही नव्हतं. तिनं त्या हाताकडं असं पाहिलं, जसं परगावाहून आलेल्या नातेवाइकाकडं पाहावं.

"विसरलाय हा," ती म्हणाली. "शनिवार तर परवावर आलाय." मग तिनं दोन्ही हात पसरले. "मँडी, चष्मा काढून गाडीवर ठेव आणि इकडं ये. पूर्वीसारखी बसते का ते मला खरं सांग."