बबनरावांचा कोबा

स्कूटर दाखवायला गेले, तेव्हा गॅरेजचे मालक बबनराव स्वतः गुडघ्यांवर बसून जमीन साफ करत होते. सांडलेल्या ऑइलवर टाकलेला लाकडाचा भुसा झाडून त्यांनी सोड्याच्या पाण्याने कोबा घासला आणि फडक्याने कोरडा केला.

“माणसं आहेत की तुमच्याकडे,” मी म्हटलं.

“हे काम माझंच. मी सांडलेल्या ऑइलवरून आमचा तुकाराम घसरला. पाय मोडला त्याचा. पाच वर्षं झाली.”

चूक कबूल करणारे भेटतात. पण ती अशी रोज निस्तरणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

तेवढ्यात काठी टेकत तुकाराम आतून आला. माझ्याशी बोलत, एकदाही खाली न बघता, तो सबंध गॅरेज ओलांडून स्कूटरपाशी पोचला.