लेकीच्या गळ्यावरची दुसरी वाट

नळी निघून वर्ष झालं तरी माझ्या लेकीच्या गळ्यावरचं भोक बुजलं नव्हतं. तान्ही असताना तिला बरेच दिवस श्वासाच्या मशीनवर ठेवलं होतं. त्यात श्वासनळी आतून आकसली, म्हणून गळ्याला भोक पाडून श्वासासाठी नळी बसवली. पुढे उपचारांनी श्वासनळी मोकळी झाली, नळी काढली. भोक मात्र राहिलं. बोलताना पोरगी त्यावर बोट ठेवायची, नाहीतर निम्मा आवाज तिथूनच निसटायचा. शाळेत पोरं टक लावून बघायची आणि ही माझी बहाद्दर त्यांना म्हणायची, "देखना है? पास आ के देख ले."

इंदूरचे डॉक्टर म्हणाले, आपोआप बुजायचं असतं तर एव्हाना बुजलं असतं, आता शिवून टाकू. घरात सगळ्यांना हायसं वाटलं, मला मात्र ते पटेना. इतकी वर्षं शाहपूरच्या घरी नळी मीच साफ केली, कफ मीच ओढला. नाका-तोंडाने दगा दिला तरी श्वासाला दुसरी वाट आहे, एवढ्या भरवशावर मी डोळा मिटायचे. तीच वाट डॉक्टर बंद करणार होते. निघण्याआधी मी बुऱ्हाणपूरला घाटावर जाऊन तापीमाईशी चक्क भांडले. म्हटलं, माय, एवढं दिलंस, मग पुढची हमी द्यायला तुझं काय जातं? रागारागात नवससुद्धा न बोलता परतले.

ऑपरेशनच्या सकाळी वॉर्डात मी यांना म्हणाले, "चला, घरी जाऊ." हे समजावत होते, की अगं, डॉक्टरांनी दुर्बिणीने आत बघितलंय, वाट मोकळी आहे. माझ्या कानात काही शिरत नव्हतं. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरच्या बाईने रडवेल्या आवाजात मला बोलावलं. तिच्या बाळाला नुकतीच नळी बसवलेली, आणि नळीत कफ घरघरत होता. नर्स येऊन कफ ओढेपर्यंत मी बाळाला धरून बसले. बाई मला म्हणाली, "दीदी, घर पे हमसे नहीं होगा."

मी काही बोलायच्या आत माझी लेक खाटेवरून उतरली, गळ्याला बोट लावलं आणि म्हणाली, "आंटी, रोओ मत. मेरी भी थी. अब बस छेद बचा है, आज वो भी सिल जाएगा."

बाईने डोळे पुसले. मग मला विचारलं, "रात को छेद खुला रखते हो?"

"नहीं, पट्टी चिपका के बंद कर देते हैं."

"फिर साँस?"

"नाक से," मी म्हणाले, आणि माझं मलाच ऐकू आलं. वर्षभर रोज रात्री मी स्वतःच्या हाताने ती वाट बंद करत होते, आणि लेक सुखाने झोपत होती. त्या बाईला तिथे कोणी बसवलं होतं, यावर मी कोणाशी वाद घालत नाही. मी मनातल्या मनात घाटाच्या दिशेने हात जोडले.

लेक स्वतःच्या पायाने आत गेली. नंतर डॉक्टरांनी बजावलं, की रडायचं नाही, ओरडायचं नाही, नाहीतर हवा कातडीखाली शिरेल. आमची बडबडी खुणांवर राहिली, एकदाही रडली नाही. माझ्यापेक्षा तीच खंबीर, हे मी आता सगळ्यांना सांगत फिरते.

जखम भरली, बोलायची मोकळीक मिळाली. झोपलेल्या लेकीला सोडून मी तोवर कधी कुठे गेले नव्हते. एका दुपारी ती सासूबाईंजवळ झोपली होती. मी म्हटलं, तापीमाई, आता तू बघ, मी पहारा सोडला. आणि केळीच्या बागेत निघून गेले. जे आपल्या हातात कधी नव्हतंच, ते सोडतानाही किती जड जातं बाई!

बांधावर पोचते न पोचते तोच मागून हाक आली, "मम्मीऽऽ!" घर तिथून चांगलं लांब. शेजारच्या बागेत घड कापायला आलेला बाहेरगावचा मजूर मान वर करून बघायला लागला.

"कोनाची पोर आहे वो, एवढा आवाज?"

मी म्हटलं, "माझी."