शिंप्याचा डावा डोळा

जेवणं उरकून लेक आपल्या घरी गेली, पण तिनं हसत हसत सांगितलेली शिंप्याची हकिकत काही आईच्या डोक्यातून जाईना. नळ सोडून ती भांड्यांसमोर नुसतीच उभी होती.

चष्म्याचं दुकान मूळचं आईचं. गुडघे बोलायला लागले तेव्हा तिनं ते लेकीच्या हवाली केलं. लेक रीतसर शिकलेली, गिऱ्हाइकांशी गोड. तरी दुपारी हमखास फोन यायचा, "आई, जरा येतेस? एक डोळा बघायचाय." आई तोंडानं कुरकुरायची, पण चपला आधीच पायात असायच्या.

मग दुकानात कृत्रिम बुद्धिमत्तेचं ते यंत्र आलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढायचं आणि लगेच निदान सांगायचं. फोन थांबले. ज्यांच्या नाकावर पहिला चष्मा आईनं चढवला, तीच माणसं तिला रस्त्यात गाठून सांगायची, "बाई, तुम्हीही एकदा तपासून घ्या. काय अचूक सांगतं!" बाबांना तर आयतंच मिळालं. "काय म्हणते तुझी सवत?" ते रोज विचारायचे.

आईनं एकदा लेकीला छेडलं होतं, "ते चुकलं तर निस्तरायचं कोणी?"

"कंपनीनं लिहूनच दिलंय, अंतिम मत तपासणाऱ्याचं."

"म्हणजे तुझं."

"आई, सरळ सांग ना, हेवा वाटतो तुला त्याचा."

खरंच होतं ते, म्हणून जास्त लागलं.

आणि आज हा शिंपी. "सकाळी आले होते काका," लेक वाढून घेता घेता सांगत होती. "म्हणे डाव्या डोळ्याच्या कडेला कालपासून वीज चमकते. म्हटलं, दिवसभर सुईत दोरा ओवता, चमकेल नाहीतर काय? यंत्र म्हणालं पडदा ठणठणीत. सही करून दिली, गेले खूश होऊन."

बाबा हसले. आईही हसली. आतून तिला गुदगुल्या होत होत्या, सापडली एकदाची सवत. कारण कडेला वीज चमकते म्हणणारा माणूस तिनं कधी तसाच घरी पाठवला नव्हता. पडदा कडेनं सुटायला लागला की असं चमकू शकतं. दुकानातल्या फोटोत येतो तो मधला भाग. कडा बघायची तर औषध घालून बाहुली मोठी करावी लागते, आणि ते काम डॉक्टरांचं, तेही त्याच दिवशी. हे सगळं माहीत असून ती ताटावर गप्प बसली. लेकीनं आपणहून विचारावं, एवढ्यासाठी.

आता पाण्याखाली हात गार पडले तसा तिचा आनंदही ओसरला. यंत्रानं त्याला दाखवलं तेवढंच पाहिलं होतं. विजेचं बोलणं ऐकलं होतं ते लेकीनं. उद्या काही झालं तर सवतीला कोणी कोर्टात उभं करणार नव्हतं. सही लेकीची होती. आणि डोळा त्या माणसाचा, ज्याचं पोट डोळ्यांवर चालतं.

तिनं हात पुसले आणि फोनमध्ये शिंप्याचा नंबर काढला. सरळ त्यालाच सांगावं. मग गल्लीभर होईल, शेवटी जुन्या बाईंनीच ओळखलं. त्या विचाराचा गोडवा ती क्षणभर चघळत राहिली.

"कोणाला फोन, एवढं हसू आलंय ते?" बाबा दारातून म्हणाले.

हसू तिथेच मावळलं. उद्या शिंपी दुकानात जाऊन सांगेल, आणि लेक चारचौघांत खाली मान घालेल. त्यानंतर ती आईला कधीच काही विचारणार नाही, आणि पुढच्या गिऱ्हाइकाचंही यंत्रालाच सोपवेल. चूक तिची, तर निस्तरायचीही तिनंच.

"लेकीला," आई म्हणाली आणि शिंप्याचा नंबर तिनं बाजूला सारला. लेक चिडेल, पुन्हा हेव्याचं काढेल. हो, वाटतो हेवा, म्हणायचं. पण काकांना आत्ताच्या आत्ता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे धाड, मग मला हवं ते बोल. तिनं लेकीचा नंबर लावला.